पावसाच्या पाण्याची टाकी दर वर्षी दिवाळीनंतर वास मारते: कारणं कुठे शोधायची आणि दुरुस्ती कशी करायची

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये टाकीतलं पाणी नितळ, गणपतीतही ठीक. पाऊस सरतो, टाकीचं झाकण लावलं जातं, आणि दिवाळीनंतर ते उघडलं की वास नाकात शिरतो. मग टाकी उपसायची, घासायची, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची, फिल्टरमधली वाळू आणि कोळसा बदलायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण वास टाकीत तयार होत असला तरी त्याचा कच्चा माल छपरावरून येतो, आणि त्यातला बराचसा जूनच्या पहिल्या काही पावसांतच येतो. पाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, आठ महिन्यांची धूळ, शेवाळाचे सुकलेले पापुद्रे हे सगळं तळाशी बसतं. वरचं पाणी महिनोन्‌महिने स्वच्छ दिसतं. खाली गाळात प्राणवायू संपला की कुजणं सुरू होतं. म्हणून दुरुस्ती टाकीपासून नव्हे, छपरापासून सुरू करावी लागते.

पुढचे आकडे एका ठरावीक घराचे धरले आहेत: कोकणातलं घर, १०० चौ. मी. (सुमारे १,०७५ चौ. फूट) छप्पर, १०,००० लिटरची टाकी, वर्षाला ३,००० मिमी पाऊस. तुमचं छप्पर लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात आकडे कमी-जास्त करा. हिशेब सोपा आहे: १ चौ. मी. वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. त्यातलं पत्र्यावरून सुमारे ९०%, स्लॅबवरून ८०%, कौलांवरून ७५% हाती लागतं. खालच्या हिशेबात ढोबळपणे ८५% धरलं आहे.

आधी वास ओळखा

सगळे वास एका कारणाचे नसतात, आणि कारण चुकलं की दुरुस्तीवरचा खर्च वाया जातो.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी गाळ आहे आणि तो प्राणवायूविना कुजतो आहे. हायड्रोजन सल्फाइड वायूचा हा वास. दर वर्षीच्या तक्रारीत बहुतेक वेळा हाच असतो.

ओल्या मातीसारखा, कुबट वास आणि भिंतीवर हिरवट थर असेल तर टाकीत उजेड शिरतो आहे.

चहासारखा पिवळसर-तपकिरी रंग आणि फारसा वास नाही, तर पानं पाण्यात मुरली आहेत. पन्हळ किंवा जाळी तपासा.

मेलेल्या प्राण्याचा वास असेल तर पाल, बेडूक किंवा उंदीर आत गेला आहे, आणि तो बहुधा ओव्हरफ्लोच्या पाइपातून गेला आहे. हे पाणी वापरायचं नाही. टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, निर्जंतुक करूनच पुन्हा भरायची.

तळाशी किती गाळ आहे हे टाकी न उपसता पाहता येतं. पारदर्शक प्लास्टिकची अर्धा किंवा पाऊण इंची नळी घ्या, टाकीच्या खोलीपेक्षा हातभर लांब. वरचं तोंड उघडं ठेवून ती सरळ उभी, सावकाश तळापर्यंत सोडा. तळाला टेकली की वरचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि नळी तशीच वर काढा. खालच्या टोकाला काळपट गाळाचा थर नळीत जसाच्या तसा येतो, वर स्वच्छ पाणी. थर पट्टीने मोजा. पाणी पडतं त्या जागेखाली, समोरच्या कोपऱ्यात आणि पंपाच्या फूट व्हॉल्व्हजवळ (उपसा पाइपाच्या टोकाची झडप) अशा तीन ठिकाणी बघा. एखाद-दोन मिलिमीटर गाळ कुठल्याही टाकीत असतो. एक सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

फर्स्ट फ्लश लावला आहे, तरी गाळ कसा येतो?

फर्स्ट फ्लश म्हणजे छपरावरचं पहिलं, घाण पाणी टाकीत न जाऊ देता बाजूला अडवणारी सोय. तरी गाळ येतो, कारण तो फार लहान असतो. बाजारात मिळणारा किंवा प्लंबर बनवून देतो तो फर्स्ट फ्लश म्हणजे बहुधा चार इंची (११० मिमी) पाइपचा मीटर-सव्वा मीटरचा उभा तुकडा आणि खाली एंड कॅप. या पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम साडेआठ लिटर पाणी मावतं. १०० चौ. मी. छपराचा नुसता पहिला १ मिमी पाऊस वळवायचा म्हटला तरी १०० लिटर जागा हवी. आंबा, फणस, सुरू यांच्या छायेतलं घर असेल किंवा छपरावर कबुतरं बसत असतील तर २ मिमी, म्हणजे २०० लिटर. दहा लिटरचा पाइप पहिल्या मिनिटातच भरतो आणि छपरावरची खरी घाण त्याच्यामागून थेट टाकीत जाते.

सहा इंची (१६० मिमी) पाइप घेतला तरी मीटरला सुमारे १८ लिटरच. म्हणून या आकाराच्या छपराला २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम लावणं सगळ्यात सोपं. जोडणी अशी:

१. छपराकडून येणाऱ्या उभ्या पाइपावर टी बसवा. टीचं सरळ खालचं तोंड ड्रममध्ये, आडवं तोंड टाकीकडे.

२. ड्रमच्या तोंडाशी पाइप रिड्यूसरने अरुंद करा आणि त्या अरुंद तोंडाच्या खाली, त्यातून वर निसटणार नाही, असा पोकळ प्लास्टिकचा चेंडू ठेवा. ड्रम भरला की चेंडू तरंगत वर येऊन तोंड बंद करतो. चेंडू नसेल तर ड्रममध्ये तरंगणारा पाचोळा मागून येणाऱ्या पाण्याबरोबर टाकीत ओढला जातो.

३. ड्रमच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ३ मिमीचं गळतीचं भोक ठेवा. त्यातून सुरुवातीला मिनिटाला सुमारे लिटरभर पाणी गळतं आणि भरलेला ड्रम साधारण सहा-सात तासांत रिकामा होतो. सततच्या पावसात तो भरलेलाच राहतो, आणि तसंच हवं, कारण तेव्हा छप्पर धुतलेलंच असतं. उघडीप पडली की तो रिकामा होऊन पुढच्या सरीसाठी तयार.

४. तळाला दोन इंची आट्यांचा क्लीनआउट (ड्रम धुण्यासाठी उघडायचं झाकण) बसवा. हे विसरू नका.

फर्स्ट फ्लश निकामी होतो तो याच ३ मिमीच्या भोकापाशी. एक पान, थोडा चिखल, आणि भोक बुजतं. ड्रम कायम भरलेला राहतो आणि प्रत्येक नव्या पावसाची घाण त्याला वळसा घालून टाकीत जाते. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं. म्हणून भोकाच्या आतल्या बाजूला जाळीचा तुकडा लावा, जूनमध्ये दर आठवड्याला आणि नंतर पंधरा दिवसांनी क्लीनआउट उघडून ड्रम धुवा. पाऊस थांबून बारा तास झाले आणि ड्रमवर टिचकी मारल्यावर तो अजून भरलेला वाजतो, तर भोक बुजलं आहे.

दुसरी नेहमीची चूक उंचीची. ड्रमचं तोंड टाकीच्या इनलेटच्या खाली असेल आणि ड्रमचं झाकण घट्ट नसेल, तर पाणी ड्रमच्या झाकणातूनच वाहून जातं आणि टाकी कोरडी राहते. टाकी जमिनीखाली असेल तर हा प्रश्न येत नाही. जमिनीवरच्या पाच-सहा फुटी टाकीसाठी ड्रम ओट्यावर चढवावा लागतो.

ड्रम शक्य नसेल तर टाकीकडे जाणारा शेवटचा एल्बो सॉल्व्हंट न लावता नुसता दाबून बसवा. पहिल्या पावसात तो बाहेरच्या बाजूला फिरवायचा, छप्पर धुतलं की टाकीकडे. काम चोख होतं, फक्त घरी माणूस हवा. रात्री दोन वाजता सर आली आणि एल्बो टाकीकडेच राहिला असेल तर केलेली मेहनत वाया जाते.

पन्हळ आणि जाळी

पन्हळीला मीटरमागे १ सेंटिमीटर उतार हवा. ब्रॅकेट लांब लांब असले की मध्ये पोट पडतं, त्यात पाणी आणि पानं साचतात, आणि प्रत्येक सरीला त्या कुजलेल्या पानांचा अर्क टाकीत उतरतो. दोन ब्रॅकेटमध्ये ६० ते ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. सहा इंची पाइप उभा चिरून केलेली पन्हळ तारेवर टांगलेली असेल तर दर उन्हाळ्यात तारा पुन्हा ओढून घ्या. शिडी लावून एका टोकाला बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांनी जिथे पाणी उरलेलं दिसेल तिथला ब्रॅकेट उचलायचा.

उभ्या पाइपाच्या तोंडावर सपाट जाळी नको. चार पानं पडली की ती गच्च होते, पन्हळ भरून वळचणीला पाणी सांडतं आणि मग वैतागून कोणीतरी जाळीच काढून टाकतो. जाळी ४५ ते ६० अंश तिरकी बसवा. वर ५-६ मिमी भोकांची, खाली १ मिमीपेक्षा बारीक स्टीलची. तिरक्या जाळीवरून पानं आपोआप घसरून बाहेर पडतात, पाणी आत जातं.

वाळू-कोळशाचा ड्रम टाकीच्या आधी का चालत नाही

आपल्याकडे पावसाच्या पाण्याचं नाव निघालं की हा फिल्टर पहिला सुचवला जातो: २०० लिटरचा ड्रम, त्यात खडी, वाळू, कोळसा. आमचं स्पष्ट मत आहे की घराच्या छपरासाठी तो टाकीच्या आधी लावू नये.

हिशेब करून बघा. ड्रमचा व्यास साधारण ५७ सेंटिमीटर, म्हणजे पाणी उतरायला पाव चौरस मीटर जागा. वाळूतून पाणी तासाला ५ मीटर या वेगाने उतरलं, आणि भरभर गाळणाऱ्या वाळूसाठी हा वेग चांगला म्हणायचा, तरी तासाला सव्वा हजार लिटरच जातात. तासाला ५० मिमी पावसात १०० चौ. मी. छपरावरून तासाला ४,२५० लिटर पाणी येतं. उरलेलं तीन हजार लिटर कुठे जाणार? ड्रमच्या वरून. मग वाळूचा थर कमी केला जातो, किंवा ड्रमला बगल देणारा पाइप जोडला जातो. एकूण एकच: गाळायची सोय आहे असं वाटत राहतं आणि पाणी न गाळता जातं.

त्यात आणखी एक गोष्ट. चार महिने ओला राहणारा कोळसा आणि वाळू यांवर बुळबुळीत थर चढतो. उघडीप पडली की तो कुजतो आणि पुढची सर तोच टाकीत नेते. काही घरांत वासाचा उगम हा फिल्टरच असतो. झाकण उघडून वाळूचा वास घेतला की कळतं.

म्हणून टाकीच्या आधी फक्त जाळी आणि फर्स्ट फ्लश. वाळूचा किंवा कार्ट्रिजचा फिल्टर पंपानंतर लावा. तिथे मिनिटाला १०-२० लिटर पाणी येतं आणि तेवढं लहान फिल्टरलाही झेपतं.

टाकीच्या आतली जोडणी

पाणी वरून धो धो पडत असेल तर तळाचा गाळ प्रत्येक पावसात ढवळला जातो. इनलेटचा पाइप तळापासून १५ सेंटिमीटरपर्यंत खाली न्या आणि शेवटी दोन एल्बो जोडून तोंड वरच्या दिशेला वळवा. पाणी वरच्या बाजूला हळू पसरतं, गाळ जागचा हलत नाही. टाकी आधीच बांधलेली असेल तर हा पाइप मॅनहोलमधून बसवता येतो, तोडफोड लागत नाही.

पाणी उपसायचं ते तळातून नाही. फूट व्हॉल्व्ह तळाला टेकलेला असेल तर पंप सुरू होताच पहिला गाळच ओढला जातो. स्थिर पाइप असेल तर तो तळापासून निदान १५ सेंटिमीटर वर घ्या. त्याहून चांगलं म्हणजे लवचीक नळी, तिच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह आणि वर बांधलेला बंद रिकामा कॅन. कॅन तरंगतो, व्हॉल्व्ह पृष्ठभागाखाली १५-२० सेंटिमीटरवर लोंबकळतो. टाकीतलं सगळ्यात स्वच्छ पाणी तिथेच असतं: तळाच्या गाळापासून दूर आणि वर तरंगणाऱ्या तवंगाच्याही खाली.

ओव्हरफ्लोचा पाइप इनलेटएवढाच हवा. चार इंची इनलेट आणि दीड इंची ओव्हरफ्लो ही जोडी मुसळधार पावसात झाकणातून पाणी बाहेर काढते, आणि ते परत आत येताना अंगणातली माती घेऊन येतं. शक्य असेल तर ओव्हरफ्लोचा पाइप आतून तळापासून ५-१० सेंटिमीटरपर्यंत खाली न्या. टाकी भरून वाहू लागली की वरचं स्वच्छ पाणी जाण्याऐवजी तळाजवळचं गढूळ पाणी जातं. मात्र या पाइपाच्या सगळ्यात वरच्या वळणावर हवेसाठी एक नळी किंवा भोक ठेवायलाच हवं. नाहीतर सायफन लागतो आणि पाऊस थांबल्यावर अख्खी टाकी रिकामी होते. सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी तळाला गेली असेल तर गळती शोधण्याआधी हे भोक बघा.

उजेड, डास, बेडूक

सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांवर कातळात खोदलेली खांबटाकी आहेत. डोंगराच्या पोटात, खांब सोडून कोरलेली, आत अंधार आणि गारवा. शेजारच्याच उघड्या टाक्यात शेवाळ माजलेलं असतं आणि खांबटाक्यातलं पाणी बहुधा त्याहून नितळ असतं. उजेड नसेल तर शेवाळ वाढत नाही, हा नियम घरच्या टाकीलाही लागू. पातळ प्लास्टिकच्या टाकीतून उजेड आत जातो. दुपारी झाकण लावून इनलेटमधून आत डोकवा. भिंत उजळ दिसली तर बाहेरून गडद रंगाचे दोन हात द्या किंवा सावली करा.

डासांच्या अळ्या दिसल्या याचा अर्थ कुठेतरी १ मिमीपेक्षा मोठी फट आहे. एडिस डास घरातल्या साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो तो याच कारणाने. १०,००० लिटरची टाकी दर आठवड्याला कोरडी करणं शक्य नाही. तिथे फटी बुजवणं हाच उपाय. जागा चारच: मॅनहोलची कड, हवेचा पाइप, ओव्हरफ्लो आणि पंपाची वायर जाते ते भोक. हे शेवटचं हमखास राहून जातं. हवेच्या पाइपाचं तोंड खाली वळवून त्यावर स्टीलची जाळी, ओव्हरफ्लोच्या बाहेरच्या टोकाला काढता येईल अशी जाळीची टोपी. ओव्हरफ्लोच्या यू-बेंडवर विसंबू नका. पावसाळ्यानंतर त्यातलं पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. मॅनहोलची कड जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच हवी.

एडिसची अंडी कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, पाण्याच्या रेषेजवळची भिंत घासावी लागते. बागेसाठीच्या उघड्या टाकीत गप्पी मासे सोडा. बंद, अंधाऱ्या, पिण्याच्या टाकीत त्यांचं काम नाही.

टाकी भरायची कधी

कोकणात हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो.

१०० चौ. मी. छपरावरून ३,००० मिमी पावसात वर्षाला सुमारे २,५५,००० लिटर पाणी येतं. टाकी १०,००० लिटरची. म्हणजे ती पंचवीस वेळा भरून वाहणार. मग मृगाचं पहिलं, सगळ्यात घाण पाणी साठवण्याची घाई कशासाठी? साठा लागतो मार्च ते मे. मृग आणि आर्द्राचं पाणी विहिरीकडे, शोषखड्ड्याकडे किंवा झाडांना जाऊ द्या. पावसाळ्यात धुण्या-भांड्यांसाठी वापरायचं असेल तर ५०० ते १,००० लिटरची वेगळी टाकी ठेवा.

मोठी टाकी मघा नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात, रिकामी करून धुवा आणि पूर्वा-उत्तरात भरा. सप्टेंबरमध्ये ३०० मिमी पाऊस जरी पडला तरी २५,००० लिटर येतात, टाकी अडीच वेळा भरेल. तोवर छप्पर तीन महिने धुतलेलं असतं. हस्ताच्या पावसाबाबत मात्र सावध राहा. मध्ये चार-सहा दिवस कडक ऊन पडतं, धूळ बसते, वाऱ्याने पाचोळा येतो. तेव्हा फर्स्ट फ्लशचा ड्रम रिकामा आहे ना हे आधी बघा.

हे कोकण आणि घाटमाथ्यापुरतं. पुण्याच्या आसपास ७०० मिमीच्या भागात याच छपरावरून जवळपास ६०,००० लिटर येतात, तिथे जुलैच्या मध्यापासून भरायला हरकत नाही. सोलापूर, बीड, धाराशिवकडच्या (पूर्वीचं उस्मानाबाद) बेभरवशाच्या पावसात वाट पाहत बसू नका. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या पावसापासूनच भरा, फक्त फर्स्ट फ्लश चोख ठेवा.

वास आलेली टाकी साफ करताना

आधी जिवाची काळजी. जमिनीखालच्या बंद टाकीत कुजलेला गाळ असेल तर ती सेप्टिक टाकीइतकीच धोकादायक असू शकते. हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. म्हणून "आता वास येत नाही" हा सुरक्षिततेचा पुरावा धरू नका. झाकण उघडून काही तास ठेवा, पंख्याने किंवा ब्लोअरने बाहेरची हवा आत सोडा, एकटं उतरू नका, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक वर उभ्या माणसाच्या हातात. आतला माणूस चक्कर येऊन पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, दोराने ओढा. पेट्रोल-डिझेलचा पंप टाकीत किंवा तिच्या तोंडाशी चालवू नका. शक्यतो लांब दांड्याच्या ब्रशने आणि मडपंपाने वरूनच काम करा.

वरचं स्वच्छ पाणी आधी तरंगत्या नळीने काढून बागेला द्या. शेवटचं वीतभर गढूळ पाणी गाळासकट बाहेर. भिंती घासा, धुवा, ते पाणीही काढा. मग १० लिटर पाण्यात ६-७ ग्रॅम टीसीएल विरघळवून त्याने भिंती आणि तळ ओला करा, अर्धा तास थांबा, पुन्हा धुऊन पाणी काढून टाका. हे करतानाही हवा खेळती ठेवा. टीसीएलबरोबर ॲसिड किंवा संडास धुण्याचा क्लीनर कधीही वापरू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

साठ्याच्या पाण्याला टीसीएलची मात्रा १,००० लिटरला ५ ग्रॅम, पावडर ताजी म्हणजे सुमारे ३३% क्लोरीनची असेल तर. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, आणखी पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या, वरची निवळ तेवढी ओता, खालचा चुना फेकून द्या. अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करा. पाण्याला फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. काहीच रंग आला नाही तर पाण्यातल्या घाणीने ते खाऊन टाकलं आहे. एकदा तेवढीच मात्रा आणखी द्या. तरीही रंग नाही, तर पावडर तरी मेली आहे किंवा गाळ तरी शिल्लक आहे. पावसाळ्यात उघड्या पिशवीत राहिलेल्या, गोळे झालेल्या, उग्र वास गेलेल्या पावडरीत काही दम नसतो.

१०,००० लिटरमध्ये ऑक्टोबरला एकदा टीसीएल टाकून मेपर्यंत निर्धास्त राहता येत नाही, क्लोरीन काही दिवसांत उडून जातं. साठा स्वच्छ आणि अंधारात ठेवा, क्लोरीन रोजच्या वापराच्या छोट्या टाकीत, ती भरताना घाला. पिण्याचं पाणी उकळा. पिण्यासाठी वापरण्याआधी एच२एस बाटलीची चाचणी करा: २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर विष्ठेतले जिवाणू असण्याची शक्यता मोठी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पूर्ण तपासणी करून घेता येते.

वासाखेरीजच्या काही तक्रारी

नव्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं. पावसाचं पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असल्याने ते सिमेंटमधला चुना ओढतं. टाकी भरून आठवडाभर ठेवा, सोडून द्या, असं दोन-तीनदा करा. पाणी चवीला सपक लागणं मात्र दोष नाही, त्यात क्षार नसतात इतकंच. याच पाण्यात डाळ लवकर शिजते.

छपराला नवा रंग किंवा डांबरी वॉटरप्रूफिंग केलं असेल तर रंग आणि वास जाईपर्यंतचं पाणी साठवू नका. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो कोरडा घासू नका, कापू नका, आणि त्यावरचं पाणी धुण्याला आणि बागेला ठेवा. लाल गाळ म्हणजे गंजलेला पत्रा, तो बदलण्याला पर्याय नाही.

सगळं करूनही वास आला तर

छप्पर, जाळी, ड्रम, इनलेट, फटी हे सगळं नीट असूनही वास येत असेल, तर टाकीत पावसाखेरीज दुसरं पाणी शिरत आहे का ते बघा. जमिनीखालच्या टाकीला तडा असेल आणि पावसाळ्यात भूजल वर आलं असेल तर बाहेरचं पाणी आत झिरपतं. जवळच सेप्टिक टाकी किंवा गोठा असेल तर तेही.

यासाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर पुरतो. छपरावरून थेट घेतलेल्या पावसाच्या पाण्याचा टीडीएस सहसा ५० च्या आत असतो. प्लास्टिकच्या टाकीत तो तेवढाच राहतो, सिमेंटच्या टाकीत थोडा वाढतो. टाकी भरल्यावर एकदा मोजून आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा आणि दर महिन्याला मोजा. तो हळूहळू वाढला तर सिमेंटचा चुना. एकदम २००-३०० वर गेला तर बाहेरचं पाणी. खात्रीसाठी पाणी न वापरता पावसाच्या उघडिपीत दोन दिवस पातळी खुणेने बघा. छपरावरून थेंब येत नसताना पातळी वाढली तर तडा नक्की, आणि पावसाळा संपल्यावर त्याच तड्यातून पाणी बाहेरही जाईल. अशी टाकी भूजल खाली गेल्यावर, जानेवारीनंतर, रिकामी करून आतून दुरुस्त करा: तडा व्ही आकारात खोलगट कोरून, न आकसणाऱ्या ग्राउटने भरून, वर पिण्याच्या पाण्याला चालणारं वॉटरप्रूफिंग. दुरुस्ती होऊन एच२एस चाचणी स्वच्छ येईपर्यंत ते पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला घेऊ नका.